तीन जिन्यांचे दिवे

आमच्या सोसायटीच्या तीन इमारतींच्या जिन्यांतले दिवे संध्याकाळी वेगवेगळ्या वेळी लागतात. पाण्याची टाकी मात्र तिघींची एकच. ती सामायिक करताना तिच्या वापराच्या नियमांना प्रत्येक इमारतीची वेगळी मंजुरी हवी होती. दोघींनी लगेच दिली. सगळ्यात लहान इमारतीच्या सुमनकाकू अडून बसल्या. "टाकी सगळ्यांची, कबूल. पण आमच्या जिन्यातला दिवा कधी लावायचा, ते आम्हीच ठरवणार. तसं लिहा, मग सही करते." शेवटी तसं लिहिलं गेलं.

संघराज्याची घटना तरी याहून निराळी कुठे असते? आपलं काय आपल्याकडेच राहणार याची खात्री पटली, की माणसं बाकीचं सोडायला तयार होतात.

परवा दिवेलागणीला टाकीचा पंप बंद पडला. बॅटरी घेऊन सगळ्यांच्या आधी सुमनकाकूच खाली आल्या. त्यांच्या जिन्यात अजून अंधार होता.