आमचं दार पक्षात हाय

त्या दिवशी आमच्या ओट्यावर पाच जनं होते. मी. माही जाऊ, आमच्या दोघींचेबी मालक वारले, घर एक अन् चूल एक. शेजारचा टेलर. समोरचा चपराशी, शाळेतून रिटायर झालेला. अन् गल्लीतला पक्षाचा अध्यक्ष. बाकीचे लोक मंग आले, ऐकाले नाई, दारं काढाले.

पक्ष कोनता ते सांगत नाई. तवा एकच होता. आता दोन हायत, अन् दोघंबी म्हनतात का खरा आमीच.

त्याच्या आधी आमचं गाव शहर झालं होतं. म्हंजे गाव तेच, उकिरडे तेच, नळ आठ दिवसाआड तोच. फकत ग्रामपंचायतीची पाटी काढून नगरपंचायतीची लावली. अध्यक्षानं बँड लावला, गुलाल उधळला, मलकापूरहून पेढे आनले. मीबी एक खाल्ला. सोमवारी रोजगार हमीच्या कामावर मातीच्या टोपल्या उचलाले गेली त मुकादम म्हने, "घरी जा. शहरातल्या बायाईले हे काम नसते."

म्या म्हटलं, "बाप्पा, मी कालपस्तोर त खेड्यातलीच होती."

"त्याले मी काय करू? पेढा खाल्ला ना?"

मंग समजलं का घरपट्टी नव्यानं लागनार. मानूस येईन, फीत लावून घर मोजीन, जेवढ्या खोल्या तेवढा टॅक्स. अध्यक्ष ओट्यावर आला तो त्याच्यासाठीच.

"काकू, दार असलं त ते खोली," तो म्हने. "दार नसलं त तो गोठा. गोठ्याले टॅक्स नाई."

"कोनं सांगतलं?" चपराशानं इचारलं.

"वरून आलं."

"कागद दाखव."

"कागदावर असतं त साऱ्या गावानंच केलं असतं ना."

टेलरले ते लगेच पटलं. तो उठला अन् स्क्रू काढायचा पेचकस आनाले गेला. माही जाऊ म्हने, "अन् कुत्रं आलं त?"

"दोन दिवसाचा प्रश्न हाय, काकू. हाकला त्याले."

चपराशी काई मानला नाई. "म्या तीस वर्सं साहेबाचं दार उघडलं अन् लावलं. आता माहं एक हाय, ते मी काढत नाई." तो घरात गेला अन् दार लावून घेतलं.

बाकी साऱ्या गल्लीनं काढले. सतरा घरं, सतरा दारं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून पक्षाच्या आफिसात मागच्या खोलीत नेऊन ठेवले, कारन अध्यक्ष म्हने तिथं मोजाले कोनी येत नाई.

दोन दिवसानं मोजनारा आला नाई. आठ दिवसानं नाई. पंधरा दिवसानं पक्ष फुटला.

आमाले टेलरच्या टीवीवर दिसलं. दुपारपस्तोर आफिसावर दोन पाट्या लागल्या, अन् एका कुलपावर दुसरं कुलूप. संध्याकाळी खुर्च्या फेकल्या एकमेकावर. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून जीप आली, त्याईनं दोन्ही कुलपावर फडकं गुंडाळून लाखेचं सील मारलं. वाद मिटेपस्तोर कोनी उघडायचं नाई म्हने.

मी अध्यक्षाकडं गेली. "आमचं दार दे बाप्पा."

"माय, मी ज्या पक्षात होतो त्याच्यात आता नाई."

"मंग ज्याच्यात हायेस त्याईले सांग."

"त्याईच्याजवळ आफिस नाई."

बिनदाराच्या घरात एक मानूस बसून पायजे, नाईतर घर कुत्र्या-शेळ्याईचं होते. अन् नेमके कापूस येचायचे दिवस. आधीच हमीचं काम गेलेलं. एक दिवस जाऊनं शेतात जायचं अन् म्या उंबरठ्यावर बसायचं, दुसऱ्या दिवशी उलटं. दोन मजुऱ्याईची एक झाली. जे बसे ते दार. एकडाव माहा डोळा लागला त कुत्र्यानं भाकरीचं टोपलं नेलं. थंडी पडली तवा टेलरनं पडदा शिवून देल्ला. त्याच्याकडं लोकाईनं शिवाले टाकून न नेलेले पँट होते, त्याचाच शिवला. पडद्याले चार खिसे होते. जाऊ त्याच्यात सुपारी ठेवे.

मंग एक दिवस मोजनारा आला. फीत लावली, मोबाइलमधी घराचा फोटो काढला अन् मले म्हने, "आजी, दार कुठं हाय?"

"पक्षात हाय."

त्यानं माह्याकडं पाह्यलं, मंग पडद्याकडं.

"बिनदाराचं त गोठा असते ना?" म्या म्हटलं.

"गोठ्यात चूल असते का? गोठ्यात देव असते का?" तो म्हने. "या मोबाइलमधी दोनच रकाने हायत. बांधकाम पूर्न, नाईतर अपूर्न. दार नाई म्हंजे अपूर्न."

"माह्या सासऱ्यानं बांधलं हे घर. त्याले जाऊन जमाना झाला."

"मंग दार काऊन नाई बसवलं अजून?"

महिन्यानं नोटिसा आल्या. सतराच्या सतरा घरं नवीन बांधकाम ठरले, तेबी बिनपरवान्याचं. टॅक्स दुप्पट. चपराशाले दार असून साधा टॅक्स आला.  तवापासून तो सकाळी दार लावे ते जरा जोरानं लावे.

आमी दोघी नगरपंचायतीत हरकत द्याले गेलो. बाबू म्हने, हरकतीवर घर नंबर टाका. नंबर पत्र्याच्या पाटीवर असते, पाटी दाराले ठोकलेली असते.

"मंग पाटीचा फोटो आना," तो म्हने.

"पाटी दाराले हाय, दार आफिसात हाय, आफिसाले सील हाय," जाऊ म्हने.

"मंग दाराचं आधी पाहा. नेक्स्ट."

त्याच हप्त्यात एका पक्षाचा मानूस घरी आला. तवा मी शेतात होती, जाऊ उंबरठ्यावर. तिले म्हने, "काकू, लिहून द्या का दार तुमी आमाले ठेवाले देल्लं होतं. त्याच्यानं आफिस आमचं ठरते. आमचं ठरलं का दार घरपोच." तिनं सही केली. दुसऱ्या दिवशी ती शेतात, मी उंबरठ्यावर. दुसऱ्या पक्षाचा आला, तेच बोलला. म्याबी सही केली. दिवेलागनीले आमी एकमेकीले सांगतलं. जाऊ म्हने, "चांगलं झालं. आता कोनीबी जिंको, दार आपलंच." मलेबी ते पटलं. आमी त्या दिवशी शेवया केल्या.

उनाळा लागता लागता तालुक्याचा साहेब आला. आफिसाचा वाद चालूच राहीन, पन गरिबाईचे दारं वापस द्या, असा हुकूम निंगाला. सारी गल्ली जमली. सील तोडलं. साहेब यादी वाचे, ज्याचं त्यानं दार खांद्यावर घेऊन जायचं. टेलरचं गेलं, त्याच्या भावाचं गेलं. सोळा गेले.

सतरावं आलं तवा साहेबानं दोन कागद काढले. "या दारावर दोन दावे हायत."

"साहेब, ही माही जाऊ हाय," म्या म्हटलं. "आमी एकाच घरात राह्यतो."

"ते बरोबर हाय. पन हिचं म्हननं हाय का दार या पक्षाजवळ ठेवलं होतं, अन् तुमचं म्हननं हाय त्या पक्षाजवळ. दार वादात हाय."

"वाद कोनाचा?"

"तुमचा दोघींचा."

 साहेब मानूस वाईट नोता. त्यानं दोन मानसं लावून दार अलगद अंदर नेलं, भिंतीले टेकवलं, अन् एका दारासाठी पुन्हा सील मारलं. म्या खिडकीतून पाह्यलं. एवढ्या मोठ्या खोलीत ते एकटंच हाय.

ते सोळा घरं हरकत देऊन जुने झाले. आमचं अजून नवीनच हाय, दुप्पट टॅक्साचं. दोन्ही पक्षाचे लोक रस्त्यात भेटले का नमस्कार करतात, अन् म्हनतात का आजी, पहिले दुसरीले सही मांगं घ्याले सांगा. दुसरीले सांगतलं त तिचा पक्ष म्हनते, पहिलीनं घ्यावं. आमी दोघी कागद घेऊन संगच गेलो, त बाबू म्हने, दोन्ही बाजू एकाच वेळी ऐकता येत नाईत, एकीनं भाएर थांबा.

तवा जो कोनी हे वाचीन, त्याले माही एक इनंती हाय. तालुक्याच्या कचेरीत तुमची वळख असन त साहेबाले येवढं सांगजा का त्या दोघी म्हाताऱ्याईचं आपसात भांडन नाई. एकाच ताटात जेवतात. अन् दार भेटलं त उचलताना खालून धराले सांगजा, त्याची वरची फळी ढिली हाय.