फोनवर शिट्टी वाजवून ओळखलेला पक्षी

मागच्या गुरुवारची गोष्ट. सकाळचे दहा वाजले होते आणि इथे परदेशात, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोन बाहेर धरून उभी होते... कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारीला वेड लागलं!

त्याचं असं झालं. मुलीकडे येऊन मला दोन महिने झाले. मुलगी-जावई आठच्या आत एमआरटीची लोकल पकडायला पळतात, नात शाळेत. मग दिवसभर मी आणि फ्रिजची घरघर. लिफ्टमध्ये शेजारीण हसते, मी हसते... संपलं बोलणं.

त्यात एक आवाज तेवढा सोबतीला. खिडकीखालच्या झाडीतून कुणी पक्षी रोज ठणठणीत ओरडायचा. टुविट, टुविट, टुविट... दम म्हणून घ्यायचा नाही. दिसायचा मात्र नाही. मान दुखेपर्यंत वाकून पाहिलं. नातीला विचारलं तर इथल्या पोरांच्या बोलीत म्हणते, "आजी, जस्ट अ बर्ड लाह!"

आमचे हे तिकडे इस्लामपूरला एकटेच. कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून रोज फोन करायची. जेवलात का, गोळी घेतली का... हो, हो. आणि मग दोन्हीकडे नुसतं गप्प. मुलगी माझा इथे राहायचा पास आणखी वाढवून घेऊया म्हणत होती, आणि मला मनातून धास्ती... परत जाईन तेव्हा आमच्यात बोलायला काही उरलं असेल का? ह्यांचं तर माझ्यावाचून काही अडत नाहीसंच वाटायचं.

म्हणून त्या दिवशी म्हटलं, अहो, एक पक्षी ऐकवते, ओळखा बघू. फोन खिडकीबाहेर धरला आणि तो लबाड नेमका चिडीचूप!

आता आली का पंचाईत. मग मीच शिट्टी वाजवायचं ठरवलं. मुलीच्या जातीनं शिट्टी वाजवायची नाही म्हणून लहानपणी आईचा धपाटा खाल्लेला, त्यानंतर कधी ओठांचा चंबू केला नव्हता. पहिल्यांदा नुसती हवा गेली... दुसऱ्यांदा जमली.

पलीकडे हे खो-खो हसले. मग म्हणाले, "बेचाळीस वर्षं लपवून ठेवलीस की गं ही कला!"

"थट्टा पुरे. कोण आहे ते सांगा. चांगला कबुतराएवढा असणार, आवाजावरून."

"कबुतर कसलं! चिमणीहून बारका जीव. शिंपी आहे तो. पानं शिवून घरटं करतो. आपल्या मागच्या दारी कढीपत्त्यावर असतो की रोज."

मी चाटच पडले. इतकी वर्षं त्याच दारात उष्टी-खरकटी काढली, धुणी वाळत घातली... हा कधी कानावर पडला नाही. म्हटलं, तुम्हाला बरं ठाऊक!

"मला तरी कुठे ठाऊक होता..." हे म्हणाले. "तू गेल्यापासून घर खायला उठतं बघ. सकाळचा चहा घेऊन मागच्या पायरीवर बसतो. तिथे हा रोज ऐकू यायला लागला. मग शेजारच्या गुरुजींना विचारलं."

कार्ड संपत आलं होतं, पण दोघांपैकी कुणी फोन ठेवीना.

संध्याकाळी मुलीला सांगितलं, पास नको वाढवूस बाई, माझं तिकीट काढ. तिचा चेहरा उतरला. "बाबा काही म्हणाले का?" तिने विचारलं. म्हटलं, हो... म्हणाले.

पुढच्या आठवड्यात निघतेय. तो शिंपी मला अजून दिसलेला नाही. पण सकाळी खिडकी उघडली की झाडीकडे पाहून आधी हात जोडते. एवढ्याशा जिवाचे उपकार केवढे... ते माझं मला माहीत.