वच्छलामावशींची कोरडी भाकर

वच्छलामावशी रिक्षात बसल्या तरी पिशवी डोक्यावरच ठेवायच्या. मांडी रिकामी, शेजारची जागा रिकामी, आणि ह्या बाई एका हाताने दांडा धरून, मान ताठ ठेवून, डोक्यावर मेथीची जुडी आणि गुडघ्याच्या गोळ्या घेऊन बुऱ्हाणपूरच्या बाजारातून निघालेल्या. गल्लीतली पोरं हसायची. मीही हसायचे. एकदा भर मे महिन्यात, अंगाची लाही लाही होत असताना, मी म्हटलंच, "मावशी, खाली ठेवा ना ती पिशवी." त्या म्हणाल्या, "डोक्शावर असलं म्हंजे ओलं होत नाही वं." मी वर पाहिलं. ढगाचा पत्ता नव्हता.

आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. माहेर शाहपूरचं, सासर तापीकाठच्या खेड्यातलं, दोन्हीकडे केळीच केळी. नवरा गेल्यावर मुलाने शहरात आणलं. तो नेपानगरला नोकरीला, रोज जाऊन-येऊन. मावशींनी सत्तरी ओलांडलेली. उंची बेताची, पण खांदे पहिलवानाला शोभतील असे. हे खांदे आले कुठून, असा प्रश्न मला आठ वर्षांत कधी पडला नाही. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून त्या मला 'मास्तरीन' म्हणत. त्या शब्दात आदर किती आणि टिंगल किती, हे गणित मला शेवटपर्यंत सुटलं नाही. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

एक्केचाळिसाव्या वर्षी मला ट्रायथलॉनचं खूळ लागलं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एका दमात. सायकल आणि पळणं अंगवळणी पडलं होतं. पोहायला मी शहरातल्या स्विमिंग पूलमध्ये शिकले होते आणि स्वतःवर बऱ्यापैकी खूश होते. पण स्पर्धेतलं पोहणं होतं धरणाच्या पाण्यात, पाऊण किलोमीटर. म्हणून दिवाळीनंतर आमच्या सायकलच्या ग्रुपमधल्या राकेशला घेऊन मी पहिल्यांदा तापीत उतरले. स्विमिंग पूलच्या तळाला काळी रेघ असते, ती धरून जायचं. तापीत कुठली रेघ? डोकं खाली घातलं तर नुसता हिरवट अंधार. पंधरा-वीस हात मारले असतील, छाती आवळली, श्वास घेता येईना. राकेश ट्यूब घेऊन बाजूलाच होता म्हणून निभावलं. "मॅडम, छोडो ना," तो म्हणाला, "अगले साल पाहू."

घरी येऊन ओल्या केसांनी मी पायरीवर बसले. नाव काढून घ्यायचं म्हणून फोन हातात घेतला होता. मावशी ओट्यावर गहू निवडत होत्या.

"नदीत गेली होती? कशाले?"

"पोहायला. नाही जमलं. मावशी, तुम्हाला येतं पोहायला?"

"नाही बापा. मी कुठी पोहली? मी तं वावरात जात होती."

मला कळेना. मग त्यांनी गहू निवडता निवडता, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. शेत नदीच्या पलीकडे. नवरा राखणीला तिकडेच. होडी पहाटे एकदाच जाई, आणि भाकरी व्हायला दहा वाजत. तेव्हा केळीचे दोन खांब एकत्र बांधायचे, त्यावर छाती टेकायची, भाकरीचं गाठोडं डोक्यावर घ्यायचं आणि पलीकडे जायचं. पुराचे महिने सोडले तर रोज. नदीवर पूल होईपर्यंत, चोवीस वर्षं. पुढेपुढे खांबही बांधायच्या नाहीत, "कोन बांधत बसते रोज?"

"म्हणजे पोहतच होता की!"

"पोहनारा मौजेनं जाते. मी भाकर घिऊन जात होती."

फोन मी बाजूला ठेवला. पुढच्या रविवारी मावशी माझ्या स्कूटरवर मागे बसून, डोक्यावर गाठोडं घेऊन, त्यांच्या जुन्या गावच्या घाटावर आल्या. मुलाची अट एकच, आईने पाण्याला पाय लावायचा नाही. त्यांनी ती पाळली. पायरीवर बसल्या, लुगड्याचा काठ आवरला, आणि तिथून माझी शाळा सुरू झाली. मी एकदम सूर मारायला निघाले तर ओरडल्या, "थांब वं! चोराच्या घरात शिरून राहिली का? गुडघ्यापर्यंत उभी राय. आंगाले मानू दे." मी उभी राहिले. थंडी कमी झाली, निदान तिची तक्रार तरी कमी झाली.

गाठोड्यात खरोखरच भाकरी होती. ती त्यांनी फडक्यात बांधून माझ्या डोक्यावर आवळली. पलीकडे जाऊन परत यायचं आणि भाकरी कोरडी आणायची. मी सांगून पाहिलं की आमच्यात तोंड पाण्यात घालूनच पोहतात, मोबाइलवर तसंच दाखवतात. मावशींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तोंड पान्यात घालून कोनी कुठी जाते का? कुठी चालली ते दिसाले नको?" राकेश ट्यूबवर पडून पोट धरून हसत होता.

पहिल्या रविवारी मी निम्म्यातून परतले आणि भाकरीचा लगदा झाला होता. तो मावशींनी मला ठेच्यासोबत खायला लावला. "ओली भाकर म्हंजे तिकडं मानूस उपाशी," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या रविवारी पलीकडे पोचले, पण धारेबरोबर वाहत घाटापासून फार खाली, कुणाच्या तरी केळीच्या बागेत. त्यावर त्यांचा धडा असा: "सरळ पाहून जाशील तं वाकडी पोचशील. पानी आपल्याले खाली नेतेच. वरचं झाड पाह्य आन् खाली पोच." हे तर मी मुलांना फळ्यावर बाण काढून शिकवते. पाण्यात मात्र ते मावशींनी सांगितल्यावर कळलं. घाई केली की डोकं हलायचं, डोकं हललं की भाकरी भिजायची, म्हणून हळू जाणं आलं आणि हळू गेलं की श्वास आपोआप पुरायचा. पाचव्या रविवारी भाकरी कोरडी आली. मावशींनी ती उलटून-पालटून पाहिली, कडा बोटाने दाबली, आणि अर्धी राकेशला दिली. त्यानंतर त्यांनी मला तोंड पाण्यात घालायची परवानगी दिली. दहा हात मारून एकदा वर पाहायच्या अटीवर.

स्पर्धा जानेवारीत होती. शिट्टी झाली आणि शे-दीडशे माणसं एकदम पाण्यात घुसली. कुणाचं कोपर माझ्या कानावर बसलं, पोहायच्या चष्म्यात पाणी शिरलं, आणि तापीतल्या पहिल्या दिवसासारखीच छाती आवळली. मदतीची बोट जवळ होती. हात वर केला असता तर त्यांनी उचललं असतं आणि सगळं तिथेच संपलं असतं. हात पाण्याबाहेर काढलाही होता. मग मी डोकं वर ठेवलं आणि पलीकडे काय दिसतं ते शोधलं. बाभळीचं एक झाड दिसलं. भाकरी नेताना जाते तेवढ्याच गतीने त्या झाडाकडे निघाले. लोक पुढे जात राहिले. बोटीतल्या मुलाने विचारलं, "मॅडम, ठीक है?" मी मान न हलवता म्हटलं, "ठीक है." पाण्यातून बाहेर आले तेव्हा माझ्यामागे चौघं होती. सायकल आणि पळणं मग पार पडलं, त्याचं विशेष काही सांगण्यासारखं नाही.

परतल्यावर मी मेडल घेऊन थेट मावशींकडे गेले. त्यांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि परत दिलं.

"पलीकडं काय होतं?"

"आम्ही पलीकडे नाही गेलो मावशी. मध्ये एक मोठा फुगा तरंगत ठेवला होता, त्याला वळसा घालून त्याच काठावर आलो."

"त्याच काठावर? मंग गेली कशाले?"

मला हसू आलं. "जमतं का ते पाहायला. मध्येच फार घाबरले होते हो. तुमच्यासारखं धाडस माझ्यात नाही."

"धाडस कोनाले होतं?" मावशी म्हणाल्या. "मले रोज भेव वाटे."

"रोज?"

"चोवीस वर्सं. पूल झाला त्या दिवशी घरी यिऊन रडली मी."

मी मेडलची फीत बोटाला गुंडाळत बसले. विचारलं, "मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तू पान्यात उतरत होती ना. उतरत्या मानसाले सांगत नाहीत असं."

"आणि तेव्हा? काकांना, सासूला, कुणाला तरी?"

"कोनी इचारलंच नाही वं. भाकर पोचे ना रोज."

त्या उठून चहा ठेवायला आत गेल्या. पाच रविवार मी त्यांच्याजवळ बसले होते; श्वास कसा घ्यायचा, धार कुठे असते, पाय कसे मारायचे, शंभर प्रश्न विचारले होते. हा एक मीही विचारला नव्हता.