तासाभराने पुन्हा तपासले

कडूबा साळवेला मी बारा वर्षं ओळखतो. लंडनजवळच्या वॉटफर्डला महिन्यातून एका रविवारी आमची बुद्धवंदना असते, शाळेचा हॉल भाड्याने घेऊन. खुर्च्या मांडायला सगळ्यांच्या आधी तो हजर, आणि हॉल झाडून किल्ली परत देणाराही तोच. मूळचा जालन्याकडचा. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मुलगा लंडनला कॉम्प्युटरचं शिकायला गेला म्हणून त्यांनी डेपोत पेढे वाटले होते. इथे आल्यावर कडूबाने दोन वर्षं गोदामात खोकी उचलली, मग एका कंपनीत आयटी सपोर्टला लागला. कंपनीची सात केअर होम्स आहेत, म्हणजे आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणारे वृद्धाश्रम. सातही ठिकाणचे कॉम्प्युटर, वायफाय, फोन आणि प्रिंटर बघायला माणसं दोन. एक कडूबा आणि दुसरा त्याचा मॅनेजर राजीव, पुण्याचा, त्याच्याहून चार वर्षांनी लहान.

त्यातल्या पिनरच्या होममधला पहिल्या मजल्यावरचा प्रिंटर सारखा ऑफलाइन जायचा. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. नर्सच्या टेबलावरून प्रिंट पाठवली की स्क्रीनवर तेच यायचं, ‘प्रिंटर ऑफलाइन’. मशीन मात्र समोर हिरवा दिवा लावून बसलेलं. नर्स तक्रार टाकायची, तिला तिथे टिकेट म्हणतात. कडूबा फोनवरून सांगायचा, बटण बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा. इकडे ऑफिसातून तो तिथल्या कॉम्प्युटरवरची अडकलेली प्रिंटं पुसायचा. कागद बाहेर यायचा. टिकेट बंद.

“हे औषध नाही रे, नुसतं ताप उतरवणं आहे,” तो मला म्हणायचा. “काहीतरी मुळात चुकतंय. एक अख्खा दिवस तिथे बसलो तर सापडेल.”

तो दिवस त्याने राजीवकडे मागितला होता. राजीव म्हणाला, “प्रिंटरसाठी एक दिवस? कडूबा, चार तासांत टिकेट क्लोज नाही झालं तर माझ्या नावापुढे लाल येतं. तू रीस्टार्ट कर आणि पुढे चल.” दोन महिन्यांनी कडूबाने परत विचारलं. परत नाही. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही. हे तिसऱ्यांदा न विचारणं तो आता सारखं बोलून दाखवतो.

पिनरला प्रत्यक्ष जायची वेळ आली की कडूबाला आतून बरं वाटायचं, कारण तिथे लिलीबाई होत्या. लिली रोहेकर, वय शहाऐंशी, भायखळ्याच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. पन्नास वर्षं लंडनमध्ये काढलेली बाई, पण विसरण्याच्या आजारात इंग्रजी आधी गेलं आणि राहिली ती मराठी. मुलगी अबिगेल दर रविवारी यायची, पण तिला मराठीची चार-पाच वाक्यंच येत. स्टाफला तर काहीच कळत नसे. एकदा कडूबा टेबलाखाली वायर बघत होता आणि स्वतःशीच पुटपुटला, “कुठं गेली ही आता?” तर खुर्चीतून आवाज आला, “कोण गेली? माझी आई का?”

तेव्हापासून काम झालं की तो दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसायचा. त्या त्याला विजेच्या कंपनीचा माणूस समजायच्या.

“लाइट गेली का परत?”

“हो आजी, बघतोय.”

“सावकाश बघ. जेवलास का? आज मलिदा आहे, खाऊन जा हो.”

ग्रेस नावाची केअरर होती, म्हाताऱ्यांचं खाणंपिणं बघणारी, झिंबाब्वेची, तिशीतली. तिने कडूबाकडून शब्द लिहून घेतले होते. पाणी, दुखतंय, झोप, बस झालं. इंग्रजी लिपीत, हातावर पेनाने. लिलीबाईंना भरवताना ती त्या शब्दांचा उच्चार जमेल तसा करायची आणि लिलीबाई तिला हसायच्या.

त्या प्रिंटरवर रोज सकाळी अकराला एक कागद निघायचा, डाएट शीट. कुणाला काय आणि कसं खायला द्यायचं याची यादी. कुणाला शेंगदाणा वर्ज्य, कुणाला पाणी घट्ट करून, कुणाला सगळं वाटून. एक प्रत स्वयंपाकघरात जायची, एक केअररच्या हातात. मार्च महिन्यातल्या एका सोमवारी दुपारी घसा तपासणारी बाई आली आणि तिने लिलीबाईंचं खाणं बदललं. मऊ पदार्थ बंद, यापुढे सगळं वाटलेलं. तिने ते कॉम्प्युटरवर भरलं. ग्रेसला सोमवारी सुट्टी होती.

मंगळवारी सकाळी पावणेदहाला टिकेट आलं. कडूबा ऑफिसात होता, त्याच वेळी दुसऱ्या एका होमचे सगळे फोन बंद पडले होते. त्याने नेहमीचं सांगितलं, बंद करा, दहा मोजा, चालू करा. नऊ बावन्नला कागद बाहेर आला. कंपनीच्या फॉर्मवर शेवटी एक चौकट असते, ‘तासाभराने पुन्हा तपासले, चालू आहे.’ ती भरल्याशिवाय टिकेट बंद होत नाही. चार तासांच्या घाईत ती कुणीच तासाभराने भरत नसे. कडूबाने नऊ बावन्नलाच तिथे खूण केली आणि फोनच्या कामाला लागला.

अकराला प्रिंटर परत ऑफलाइन गेला. नर्स एका पडलेल्या आजोबांपाशी होती, नवीन टिकेट टाकायला कुणाला सवड झाली नाही. शीट निघाली नाही. भिंतीवर आदल्या दिवसाची सकाळची शीट होती, बदल होण्यापूर्वीची. तीच बघून स्वयंपाकघराने ताट लावलं आणि तीच बघून ग्रेसने लिलीबाईंना सूपमध्ये भिजवलेला ब्रेडचा तुकडा भरवला.

तो घशात अडकला. ग्रेसने पाठीवर थापा मारून काढला, अँब्युलन्स आली, पण थोडं अन्न श्वासनलिकेत गेलं होतं. छातीत पू झाला. नऊ दिवसांनी लिलीबाई हॉस्पिटलमध्येच वारल्या.

कडूबाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोन आठवड्यांनी त्याच प्रिंटरच्या टिकेटसाठी तो पिनरला गेला, तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत दुसऱ्याच बाई बसलेल्या होत्या. त्याने नर्सला विचारलं. तिने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “ग्रेस म्हणते त्या दिवशी प्रिंटर बंद होता. पण तुमच्या नोंदीत तर चालू दिसतोय. तिला कामावरून थांबवलंय.”

त्या दिवशी कडूबा तिथून हलला नाही. राजीवचे फोन येत राहिले, त्याने उचलले नाहीत. दुपारी त्याच्या लक्षात आलं की समोरच्या हॉलमधला मोठा टीव्ही चालू झाला की प्रिंटर जातो. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. प्रिंटर बसवताना कुणीतरी त्याला हाताने एक पत्ता देऊन ठेवला होता, आणि राउटर तोच पत्ता टीव्हीलाही देत होता. टीव्ही बंद असला की प्रिंटर सापडायचा, चालू असला की हरवायचा. मंगळवारी अकराला टीव्हीवर बसल्या बसल्या करायचा व्यायाम लावत. कडूबाने प्रिंटरचा पत्ता बदलला, टीव्ही चालू केला आणि एकामागून एक वीस कागद काढले. सगळे आले. घड्याळ बघितलं तर दुरुस्तीला अकरा मिनिटं लागली होती.

तो मला म्हणाला, “तिथेच जमिनीवर बसलो. अकरा मिनिटं रे.”

घरी येऊन त्याने बायकोला, आशाला, सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही खरं काय ते लिहून द्या. त्या मुलीची नोकरी जाईल नाहीतर.” केअररच्या व्हिसावर आलेल्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. हे आमच्यातल्या सगळ्यांना माहीत असतं.

कडूबाने दोन पानं लिहिली. ‘चौकटीवर खूण मी न तपासता केली. प्रिंटर अकराला बंद होता, ग्रेस खरं बोलते आहे.’ राजीवने ती वाचली आणि दार लावून घेतलं.

“हे देऊ नकोस. त्या चौकटीवर मीपण खुणा केल्यात, सगळ्यांनी केल्यात. आपण दोघंही जाऊ.”

“जाऊ दे.”

“आणि तू गेलास म्हणून ती राहणार आहे का?”

कडूबाने तरी पानं दिली. चौकशीला तीन जण होते. त्यांनी त्याला पाणी दिलं, फार सौजन्याने बोलले. एकीने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. “मिस्टर साळवे, नऊ बावन्नला दुरुस्ती, तासाभराने पुन्हा तपासणी यशस्वी, अशी नोंद आहे. हे तुमच्याच लॉगिनने भरलंय ना?”

“हो. पण खोटं भरलंय.”

“तुम्ही त्या बाईंना चांगले ओळखत होता. तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे.”

“वाईट वाटण्याचा प्रश्न नाहीये. प्रिंटर बंद होता. मी कारणपण शोधलंय, टीव्हीचं.”

“ते तुम्हाला नंतर सापडलं. त्या दिवशी, त्या वेळी तो बंद होता याचा पुरावा आहे?”

नव्हता. नवीन टिकेट पडलं नव्हतं. प्रिंटरची स्वतःची जुनी नोंद कडूबानेच दुरुस्ती करताना पुसून टाकली होती, सगळं नव्याने बसवायचं म्हणून.

अहवालात त्याच्या नावापुढे एकच ओळ आली. नोंदी अधिक काळजीपूर्वक भराव्यात. ग्रेसच्या नावापुढे दीड पान होतं, आणि त्यात ‘प्रिंटर बंद असल्याचा दावा नोंदींशी जुळत नाही’ असं दोनदा लिहिलं होतं. तिला काढून टाकलं.

तो अबिगेलकडेही गेला, आधी फोन करून. तिने दारातच विचारलं, “तुम्हीच का आईशी बोलायचे?” आत बसवलं, चहा दिला. त्याने सगळं सांगितलं. तिने कप खाली ठेवला. मग इंग्रजीत म्हणाली, “त्या मुलीविरुद्धच्या तक्रारीवर माझी सही आहे. त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला आणि मी सही केली.” दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर आलं, प्रकरण बंद झालं आहे.

ग्रेससाठी कडूबाने कुणाकुणाला फोन केले. आमच्या ग्रुपमधल्या डॉक्टरांना, ब्रिस्टलच्या एका ओळखीला, मलासुद्धा. कामावर ठेवायला तयार असलेले दोघे निघाले. दोघांनीही जुन्या कंपनीला विचारलं आणि गप्प झाले. साठ दिवस संपले.

तिला हीथ्रोला सोडायला कडूबा गेला, मी गाडी चालवत होतो. दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर. वजन जास्त भरलं म्हणून कुकर तिने काउंटरपाशीच कडूबाच्या हातात दिला. कडूबा म्हणाला, “ग्रेस, मी तुला सॉरी म्हणायला आलोय आणि मला ते म्हणताच येत नाहीये.”

ती म्हणाली, “मला ती रोज दिसते. तुला?”

“हो.”

“मग झालं.” तिने पर्स खांद्यावर नीट केली. “माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला वाटतंय मी सुट्टीवर येतेय.”

ती आत गेली. वळून तिने पाहिलं नाही, आणि पाहावं असंही आम्हाला वाटलं नाही.

कडूबा अजून त्याच कंपनीत आहे. घराचा हप्ता आहे, दोन मुली शाळेत आहेत. आता तो ती चौकट खरोखर तासाभराने भरतो, त्यामुळे त्याची टिकेटं चार तासांत बसत नाहीत. राजीवने त्याला दोन लेखी समज दिल्या आहेत. तिसरी आली की नोकरी जाईल. आशा त्याला म्हणते, “अहो, आता कशाला?”

पिनरचा प्रिंटर त्यानंतर एकदाही ऑफलाइन गेला नाही. मागच्या रविवारी हॉलच्या खुर्च्या उचलताना त्याने मला हे सांगितलं, आणि हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिला. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि रचून ठेवली.