मागच्या दाराचं कुलूप

ललिता पावरा सातपुड्याच्या पायथ्याची. शिकून कारखाना निरीक्षक झाली, धुळ्याला नोकरी लागली आणि दोंडाईचाकडचे, कापसातून सरकी काढणारे जिनिंग कारखाने तिच्या वाट्याला आले.

हीरालालशेठच्या जिनिंगचं मागचं दार कायम कुलूपबंद. आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून काम चालू असताना दार उघडं हवं, असा नियम. ललितानं नोटिसा दिल्या. शेठ चहा मागवायचे, मान डोलवायचे.

"मॅडम, बाया ओटीतून रुई नेतात. दार मोकळं सोडून कसं चालेल?"

तिच्यासमोर कुलूप निघायचं. एकदा फाटकापर्यंत आली तेव्हा ताईबाई नावाची मजूर मागून आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही गयात का कुलूप परत लागस. समद्यास्ले ठाऊक शे. मन्हं नाव सांगू नका."

पुढच्या खेपेला ललिता न कळवता गेली. दाराला कुलूप होतं, दारासमोर सरकीची पोती रचलेली. तिनं तिथंच यंत्रं बंद करायचा आदेश काढला. घरघर थांबली. अंगावर कापसाचे तंतू घेऊन बाया अंगणात बसल्या. रोज बुडाला म्हणून तिच्याकडे रागानं बघत राहिल्या.

शेठ रागावले नाहीत. हसून म्हणाले, "बरं झालं मॅडम, तुम्ही आलात. कोणी सांगितलं, तेही कळेलच."

आठवडाभरात दाराची कडीच कापून काढली गेली. पोती हलली, वाट मोकळी झाली. ललितानं दार ढकलून पाहिलं. ते सहज उघडलं. तिला बरं वाटलं. मग तिनं ताईबाईची चौकशी केली. ती आता कामावर येत नाही, एवढंच बायांनी सांगितलं.

ताईबाई घरी सापडली. तिनं ललिताला आत बोलावलं नाही.

"मी नाव घेतलं नव्हतं, अक्का," ललिता म्हणाली.

"माले माहीत शे. फाटकवर त्यास्नी देखं व्हतं. आते कोठेच काम नही भेटत."

ललितानं शेठला खुलासा मागणारं पत्र पाठवलं. ताईबाईचं नाव हजेरीवर कधी नव्हतंच, असं उत्तर आलं.

महिन्याभरानं ललिता सोनगीरच्या बाजूच्या एका जिनिंगमध्ये गेली. मालक फाटकावरच हात जोडून उभा होता. आत तिनं एका बाईला विचारलं, "मागचं दार कुठं आहे?"

बाईनं आधी मालकाकडे पाहिलं. "माले ठाऊक नही."

दुसरीही तेच म्हणाली, तिसरीही. यंत्राच्या पट्ट्याजवळून जळकट वास येत होता आणि कोणीच तिकडे बघत नव्हतं. ललितानं यंत्र बंद करायला सांगितलं आणि कापसाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत ती एकटीच दार शोधायला निघाली.