मामूंची मार्चमधली यादी

आमच्या कॉलेजच्या मामूंना बास्केटबॉलचा एक नियम धड सांगता यायचा नाही. पण जुलैत मुलींच्या टीममध्ये कोण असेल, हे ते मार्चमध्येच सांगून मोकळे व्हायचे आणि त्यांचं सहसा चुकत नसे. ते शिपाई. मैदानावर फक्की मारणं, बॉलमध्ये हवा भरणं, खांबाला शिंगं घासणारी गुरं हाकलणं ही त्यांची कामं. मैदान म्हणजे मुरमाची जागा, वेल्डिंगवाल्याकडून करून आणलेले दोन खांब आणि पत्र्याचे बोर्ड. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि आमच्या तालुक्याच्या कॉलेजाला मुलींची टीम पाठवायची हौस आली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट.

यादी लागायची ती स्पोर्टच्या सरांना. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच जर्सी सांगाव्या लागत. सातपेक्षा कमी पोरी राहणार असतील, तर सर मुलींचा अर्जच भरत नसत, सगळा पैसा मुलांच्या कबड्डीला जाई. सर स्वतः मैदानावर क्वचित येत. ते मामूंना विचारत, "किती राहतील?" मामू जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागं नावं लिहून घडी करून देत. ती घडी आम्हाला कधी बघायला मिळाली नाही.

मामूंचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हुशार पोरगी डी.एड.ला जाती. नापास पोरगी सासरी जाती. मधली राहती." म्हणून परीक्षेच्या दिवसांत कुणी पायऱ्यांवर फार वाचत बसलेली दिसली की ते तिच्याकडं काळजीनं बघायचे. "बस कर ना आता. किती मार्क पाडती?" आम्ही हसायचो. मला मात्र याचा संताप यायचा. शिकणाऱ्या मुलीला कमी शीक म्हणणारा शिपाई, असं एक पत्रक मी त्या वेळी मनात लिहूनही टाकलं होतं. पत्रकं लिहायचा नाद मला तेव्हाच लागला होता.

पण ही माहिती ते आणत कुठून, याचं मला कोडं होतं. ते उलगडलं बाजाराच्या दिवशी. मामूंचा धाकटा भाऊ भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून छोट्या मशीननं भांड्यांवर नावं घालायचा. त्याला उर्दू यायचं, मराठी अक्षर यायचं नाही. म्हणून मामू बाजूला पोत्यावर बसून चिठ्ठीवर मजकूर लिहून देत आणि भाऊ तो बघून जसाच्या तसा कोरायचा. चि. सौ. कां. अमुक हिच्या लग्नात वडिलांकडून भेट. तालुक्यातल्या निम्म्या मुलींच्या आंदणाची भांडी त्या पोत्याजवळून जायची. नवऱ्या मुलीच्या मैत्रिणींना कळायच्या आधी मामूंना कळलेलं असायचं. बाजारात चिठ्ठी लिहायची, सोमवारी कॉलेजात येऊन तेच नाव यादीतून गाळायचं. हात तोच, अक्षर तेच.

मी तिथंच उभी राहून त्यांना विचारलं, "मामू, तुम्हाला काही वाटत नाही?"

"काय वाटायचं?"

"पोरीची शाळा सुटली, खेळ सुटला, आणि तुम्ही बसून वेलांट्या नीट काढता."

त्यांनी पेन कानाला लावलं. "वेलांटी चुकली तर जन्मभर चुकीचीच राहती, पोरी. पितळ हाय ते." मग भावाला म्हणाले, "ये हमारी कप्तान है. तकरार करनेकीच तालीम चल रही है इसकी." भाऊ हसला. मी तणतणत निघून आले.

त्या वर्षी आमची मंगल सासरी गेली. लांबून बास्केट टाकणारी एकटी तीच होती. गुढीपाडव्यानंतर ती आली नाही, एवढंच आम्हाला माहीत. यादीत तिचं नाव नव्हतं, हे सरांना आधीच माहीत होतं.

पुढच्या वर्षी मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मार्च उजाडला आणि मामूंनी एक नवीनच गोष्ट केली. यादीची घडी सरांना दिली नाही. खळ लावून ती सामानाच्या खोलीच्या दारावर चिकटवली. आम्ही सगळ्या धावलो. नऊ नावं होती. माझं नव्हतं.

मामू सायकलच्या पंपानं बॉलमध्ये हवा भरत होते.

"मामू, माझं नाव राहिलं."

"राहिलं न्हाई. हायच न्हाई."

"काहून?"

"ज्या राहनार त्यायचीच नावं हायत."

"मी कुठं चालले?"

त्यांनी पंपाची सुई काढली, बॉल दोन्ही तळव्यांत दाबून बघितला. "ते घरी इचार."

मला समजायला थोडा वेळ लागला. मुली मागंच उभ्या होत्या. मी हळूच विचारलं, "किती भांडी?"

"पाच. आन् एक हंडा. हंडा मोठा हाय."

माझं लग्न ठरलंय, हे मला बास्केटबॉलच्या यादीवरून कळलं. वय वर्षं एकोणीस.

आमच्या घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू शेती. मी पोचले तेव्हा आबा मेंढरांच्या वाड्याचं कुंपण नीट करत होते. मी सरळ विचारलं, "आबा, हंडा कुठं ठेवलाय?"

काटेरी फांदी तशीच हातात धरून ते उभे राहिले. "तुला कोन सांगितलं?"

"कॉलेजच्या दारावर लावलंय."

याचीच त्यांना जास्त लाज वाटली. माझ्या आधी गावाला कळलं, हे त्यांना लागलं. मला विचारलं नाही, हे लागलं नाही. स्थळ सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरचं होतं. "पान्याखालची जमीन हाय, बाई. जन्मभर मेंढरामागं फिरायचं का तुला?" आबांचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच चीड आली. मी म्हटलं, बी.ए. झाल्याशिवाय नाही, आणि सुपारी फोडायला बसलात तर लोकांसमोर नाही म्हणेन. आईला, भावाला, सगळ्यांना माहीत होतं. मलाच तेवढं नव्हतं. महिनाभर घरात माझ्याशी कुणी सरळ बोललं नाही. शेवटी आबा वर्षभराची मुदत मागायला गेले. ती माणसं थांबायला तयार झाली नाहीत. स्थळ मोडलं. नाव घातलेली भांडी दुकानदार परत घेईना, तेव्हा आईनं हंडा पाण्याला लावला.

जुलैत प्रवेशाचा अर्ज घेऊन गेले. खिडकीशी मामूच बसलेले. अर्ज वाचला, मला बघितलं, पुन्हा वाचला. "यादी चुकली," एवढंच म्हणाले. जर्सी नऊच आल्या होत्या, म्हणून सर त्यांच्यावर दिवसभर खेकसत होते. मामू मान खाली घालून ऐकत होते. मी जवळून बघितलं, चेहऱ्यावर तकलीफ काही दिसली नाही. मी मुलांचा कबड्डीचा बनियन घालून खेळले. विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात आम्ही सपाटून हरलो.

परतीच्या जीपमध्ये मामू पाण्याचा ड्रम पायांत धरून बसले होते. मी विचारलं, "मंगलच्या वेळी का नाही लावली दारावर?"

त्यांनी ड्रमचं झाकण घट्ट केलं. "मंगल भांडली नसती."

"हे तुम्ही कोण ठरवणार?"

"कोन न्हाई," ते म्हणाले. "शिपाई."

स्पष्टच लिहिते. या उत्तराचा मला राग आला होता आणि अजून आहे. कोण पास होईल, कोण राहील, याच्याबरोबर हा माणूस कोण भांडेल याचाही अंदाज बांधत होता, आणि त्या अंदाजावर एकीला सांगत होता, एकीला नाही. मी वाचले ती त्याच्या हिशेबानं. मंगल गेली तीही त्याच्याच हिशेबानं. हे दोन्ही एकाच माणसाचं आहे आणि त्या माणसावर माझी माया आहे. याचं काय करायचं, ते कुठल्या पत्रकात बसत नाही.

बऱ्याच वर्षांनी हट्टा गावी मुलींच्या लग्नाच्या वयावर आमच्या संघटनेची सभा होती. येताना वाट वाकडी करून मामूंकडं गेले. निवृत्त झाले होते. डोळ्यांना कमी दिसायचं, आवाजावरून ओळखलं. मी म्हटलं, "मामू, आज खरं सांगा. मी भांडेन हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं न्हवतं," ते म्हणाले. "एकदा न सांगून बघितलं होतं. म्हनून एकदा लावून बघितलं."

"मंगलच्या वेळी?"

"त्याच्याबी आधी." मग आत तोंड करून हाक मारली, "नसीम, चाय ला."

त्यांची थोरली लेक माहेरी आली होती. दहावीतच लग्न झालेली, हे त्यांनीच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. ती चहा घेऊन आली तेव्हा दाराच्या चौकटीखालून वाकून यावं लागलं तिला. अशी उंची आमच्या टीमला कधी मिळाली नाही. माझ्या जिभेवर सभेतलं वाक्य तयार होतं. मामू बशीत बघत होते. मी ते वाक्य गिळलं.

नसीमनं कप माझ्या हातात दिला आणि जवळ बसली. "ताई, तुमी खेळायच्या ना? अब्बा सांगायचे." थोडं थांबून तिनं विचारलं, "बॉल लई जड असतो का?"

"नाही," मी म्हटलं. "तुमच्या हाताला तर मुळीच जड लागला नसता."