यांनी शिवलेलं कोपर

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका होजियरी फॅक्टरीत मी बावीस वर्षं मेंडर होते. मशीनवरून स्वेटर यायचे. त्यातले सुटलेले टाके शोधायचे आणि असे उचलायचे, की कुठे सुटले होते ते कळू नये. कळलं की माल परत. चौथी शिकलेल्या बाईला एवढं काम पुरलं. खोड मात्र अजून गेली नाही. वाकडा टाका दिसला की हात आपोआप कात्रीकडे जातो.

आमच्या यांचा एक तपकिरी स्वेटर होता. मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होते, तेव्हा त्याचं उजवं कोपर फाटलं आणि यांनी ते स्वतःच शिवलं. बटणं लावायच्या जाड काळ्या दोऱ्यानं. घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, स्वेटर शिवलाय की पोतं?"

"माझं कोपर मला दिसत नाही. तुला दिसतं, तर तू दुसरीकडे बघ."

उसवून नीट करते म्हणत राहिले, पण यांनी हात लावू दिला नाही. सहा हिवाळे तसाच घातला. मला लाज वाटायची, मेंडरच्या नवऱ्याचे हे हाल. यांना जाऊन आता दोन वर्षं झाली.

गेल्या महिन्यात नात आली. ती युनिव्हर्सिटीत शिकते. कपाटातून तो स्वेटर काढून म्हणाली, "आजी, हा मी घालणार. लेफ्ट स्लीव्हला होल आहे, तेवढं करून दे." मग चहा करायला किचनमध्ये गेली आणि तिथूनच हाऊसमेट्सच्या तक्रारी सांगत बसली. मी ऐकता ऐकता चष्मा लावला, कात्री घेतली. ती कप घेऊन आली तेव्हा माझ्या मांडीवर काळ्या दोऱ्याचे तुकडे पडले होते आणि उजवं कोपर उघडं होतं.

"आजी, हे तर आजोबांनी केलेलं. मला तेच आवडायचं."

मी तसलाच काळा दोरा ओवला आणि त्याच जागी टाके घालायला लागले. जमलं नाही. माझा टाका सरळच पडतो. डाव्या हातानं घातला तर नुसता घाणेरडा दिसला, यांचा दिसेना. नातीनं घालून बघितला. तोही वाकडा, पण तिचा वाकडा.

"राहू दे, आजी," ती म्हणाली.

डावी बाही मी करून दिली. कुठे फाटली होती ते तिलाही सापडलं नाही. उजवी तशीच उघडी ठेवून ती स्वेटर घेऊन गेली.

यांना शिवताना मी पाहिलं नाही. कुठे बसले होते, खिडकीपाशी की दिव्याखाली? सुई कोणी ओवून दिली? यांना तर कधीच ओवता आली नाही. सहा वर्षं ते कोपर माझ्यासमोर होतं आणि मी टाके वाकडे एवढंच म्हणत राहिले. आता विचारावंसं वाटतं. रोज वाटतं.